आधी चांगला पाय

"फारच छान आहे हो तुमचा खांदा," असं ती स्कॅनवाली मुलगी म्हणाली, तेव्हाच खरं तर मी तिच्यावर खेकसायला हवं होतं. दीड महिना झाला, मला डावा हात डोक्याच्या वर नेता येत नाही, केस विंचरताना डोळ्यांत टचकन पाणी येतं, आणि ही म्हणतेय छान आहे. मी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. गार जेल खांद्यावरून घरंगळत पाठीकडे चाललं होतं. पडद्यावर माझ्या खांद्यातली कंडरा दिसत होती, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. पांढऱ्या बारीक रेघा, एकीला एक लागून, सरळ, मध्ये कुठे खंड नाही, नुकत्याच विंचरल्यासारख्या. "अगं बाई, दुखतोय तो हा नव्हेच," मी म्हटलं, "डावा दुखतोय. तू उजव्यावर काय फिरवत बसलीयस?" ती हसली. या वयात मुली कशालाही हसतात. "माहितीये मला, आजी," ती म्हणाली. आजी! "आम्ही आधी चांगली बाजू बघतो, मग दुखरी. म्हणजे तुलना करता येते ना." आणि तिने बटण दाबून ते चित्र साठवून ठेवलं.

ही पद्धत मला कुणी सांगायला नको होती. मीच ती आजवर सतरा-अठरा जणांना शिकवली आहे, आणि विसरले तर कानउघाडणी केली आहे. शर्यतीच्या घोड्यांचे पाय कापणं आणि शिवणं हा माझा एकतीस वर्षांचा धंदा आहे. आधी चांगला पाय, मग लागलेला. पण त्या अरुंद पलंगावर, अर्धा कुडता उतरवून पडल्यापडल्या, ते चित्र पाहून मी दचकले ती पद्धतीमुळे नव्हे. ते चित्र मी ओळखत होते. तश्शाच रेघा, तश्शाच विंचरलेल्या, मी दहा आठवड्यांपूर्वी पाहिल्या होत्या, त्यांच्यावर सही केली होती, आणि गेल्या महिन्यात अडीचशे पशुवैद्यांच्या सभागृहात त्या भिंतभर मोठ्या करून दाखवल्या होत्या. ठमीच्या डाव्या पुढच्या पायाची कंडरा म्हणून. फाटलेली, मी कापून मोकळी केलेली आणि नऊ महिन्यांत भरून आलेली. आणि मला तिथे, त्या पोरीचा प्रोब दुसऱ्या खांद्यावर टेकताना, कळलं की एकदा फाटलेली कंडरा अशी कधीच भरून येत नाही. कुणाचीच नाही. भरते तेव्हा तिथे वण राहतो, रेघा वाकड्यातिकड्या होतात, रफू दिसतोच. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. "आता हात जरा मागे," ती म्हणाली. मी उठून बसले. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि चार वाजता ठमी पळणार होती.

ठमी म्हणजे घोडी. कागदावर तिचं लांबलचक ऐटबाज नाव आहे, पण तबेल्यात सगळे ठमीच म्हणतात, कारण अंगाने ती आडदांड आणि वागायला लाडोबा. तिला आणली तेव्हा डाव्या पायाची मागची बाजू केळ्यासारखी फुगून बाहेर आली होती. तबेल्यातली माणसं कंडरेला शीर म्हणतात, शीर गेली म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली नेतात, कारण शीर गेली म्हणजे घोडा गेला. मी तिला तिसऱ्या दिवशी टेबलावर घेतली. बारीक पातं कंडरेच्या पोटात घालायचं, जिथे रक्त साचून पोकळी झालीय तिथे, आणि पंख्यासारखं फिरवायचं, म्हणजे साचलेलं वाहून जातं आणि नव्या रक्ताला आत यायला वाट मिळते. मग गुडघ्याच्या वर, आतल्या अंगाला, एक आखूड पट्टा असतो, कंडरेला वरून धरून ठेवणारा. तो कापायचा, म्हणजे पुढे पळताना सगळा ताण त्या दुबळ्या जागी येत नाही. तो पट्टा कापताना हाताला करकर जाणवते. मी हातमोज्यातून ती करकर ऐकते असं मी म्हणते तेव्हा नवरा म्हणतो, हातमोज्यातून कुणी ऐकतं का! त्याला काय कळतंय. ठमीच्या वेळी मी ती ऐकली होती आणि मला माहीत होतं की काम चोख झालंय. ते खोटं नव्हतं. काम चोखच झालं होतं. नासलं ते पुढचं.

मुलीने टिश्यूचा डबा पुढे केला. "अहो, डावा अजून अर्धाच झालाय." मी म्हटलं, तुझा डावा घाल चुलीत, आणि कुडता ओढून बाहेर पडले. जिन्यात मला तिची माफी मागावीशी वाटली नाही. मला टोपीवाला आठवत होता आणि तळपायाची आग मस्तकात चालली होती. टोपीवाला म्हणजे ठमीचा ट्रेनर. घरातसुद्धा टोपी काढत नसेल असा माणूस. घोडा तेवढा पायाने धड असला की बाकी कशाशी त्याला देणंघेणं नाही. त्यानेच केलं असणार. घोडी पळवायची घाई झाली, लागलेला पाय प्रोबखाली द्यायच्या ऐवजी चांगला पाय दिला, आणि मला उल्लू बनवलं. टॅक्सीत बसेपर्यंत माझी खात्रीच झाली होती. मी दरवाजा इतक्या जोरात लावला की ड्रायव्हर म्हणाला, "बाई, गाडी माझी आहे." मी म्हटलं, "मैदानावर चला. आणि बोलू नका." शर्यतीच्या दिवशी तबेल्यात कुणाला फोन जवळ ठेवू देत नाहीत, त्यामुळे टोपीवाल्याला फोनवर झोडपायची सोय नव्हती. ती आग तशीच घेऊन मला शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं होतं.

सिग्नल लागत होते. प्रत्येक सिग्नलला मला ते सभागृह आठवत होतं. मी काळी साडी नेसले होते, चष्मा नवा केला होता. नवी शस्त्रक्रिया नव्हती, सगळे करतात तीच, पण असा निकाल कुणाचा आला होता? मी एक शब्द न बोलता चित्र लावलं आणि बाजूला उभी राहिले. तशी उभी राहायची तालीम मी घरी आरशासमोर केली होती, आता लपवून काय उपयोग. पहिल्या रांगेत आमचे सर बसले होते. मी शिकत होते तेव्हा ते म्हणाले होते, "बाई, घोड्याचा पाय तुमच्याच्याने उचलणार नाही. मांजरं बघा, कुत्री बघा, घर बघा." आख्खा वर्ग हसला होता आणि मीसुद्धा हसले होते, हेच मला एकतीस वर्षं झोंबत आलंय, की मीसुद्धा हसले होते. तेव्हापासून मी इतके पाय उचललेत की त्यात माझा खांदा गेला. तर तेच सर, आता काठी टेकत चालणारे, उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळं सभागृह उठलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण सुखाने. आणि ज्या चित्रासाठी लोक उठले ते चित्र ज्या पायाचं होतं त्याला कधी काही झालंच नव्हतं! देवाने दिलेला पाय होता तो. माझा त्यात काडीचा वाटा नव्हता.

उड्डाणपुलावर गाडी थांबली तेव्हा मी मास्तरांना फोन लावला. मास्तर माझे सहायक. पूर्वी कॉलेजात शिकवायचे म्हणून मास्तर. स्कॅन तेच काढतात. त्यांच्या हातात दोष काढायला जागा नाही, पण बोलायला लागले की एका वाक्याला दोन वेळा दम घेतात, आणि माझा जीव वरखाली होतो. मी कधीच त्यांचं वाक्य पुरं होऊ देत नाही. मीच पुरं करते. बहुतेक वेळा बरोबर करते. "मास्तर," मी म्हटलं, "ठमीचं स्कॅन काढताना तो टोपीवाला तुमच्या डोक्यावर उभा होता का? त्याने पाय बदलून दिला. तुमच्या नाकाखाली. आणि तुम्ही काढून मोकळे झालात." पलीकडे नळ वाहत होता, तो बंद झाला. "नाही," मास्तर म्हणाले. "ट्रेनर नव्हतेच तिथे. तिची निगा राखणारा मोतद्दार होता. मी दोन्ही पाय काढले. आधी... चांगला. मग लागलेला. आपली नेहमीची..." "पद्धत, माहितीये मला पद्धत. मग लागलेल्याचं चित्र कुठंय?" "तुम्हाला पाठवलंय की," ते म्हणाले. "दोन्ही पाठवली. त्यानंतर निरोपही ठेवला होता. बोलून."  मग मास्तरांनी पहिल्यांदाच, मी मध्ये तोडत नाहीये म्हणून असेल, आपलं वाक्य आपणच पुरं केलं. "तुम्ही दोन्ही पाहून ठरवलं असेल असं मला वाटलं. नंतर एकदा मी विचारलंही होतं, ठमीला जरा लवकर सोडली का म्हणून. तुम्ही म्हणालात, सर्जन कोण आहे, तुम्ही का मी."

म्हणाले होते. हात धुताना म्हणाले होते, साबण कोपरापर्यंत लागला होता, आणि मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि दहा आठवडे मागे गेले. बोटाने सरकवत सरकवत, फुटकळ निरोपांच्या ढिगातून. सापडलं. त्या दिवशी मी जावेच्या मुलीच्या लग्नात रांगेत उभी होते. चित्र आलं, मी दोन बोटांनी मोठं केलं, मधोमध पाहिलं, आणि माझ्या छातीत असं काही भरून आलं की मी शेजारच्या अनोळखी बाईलाही ते दाखवलं. तिला काय कळणार, ती म्हणाली, "अय्या, काय आहे हे?" तिथूनच, रांगेतूनच, मी कळवून टाकलं की घोडी तंदुरुस्त, कामाला लावा, आणि संध्याकाळी घरी जाऊन दाखल्यावर सही केली. चित्राच्या कोपऱ्यात मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात 'उजवा' लिहिलेलं होतं. आत्ताही होतं. सभागृहासाठी चित्र तयार करताना तो कोपरा मला कुरूप वाटला म्हणून मीच तो कापला होता. त्याखाली दुसरं चित्र. ते मी आजवर उघडलं नव्हतं. आता उघडलं. 'डावा'. मधली पोकळी बरीच भरली होती, वाईट नव्हतं, कुणालाही अभिमान वाटावा इतपत चांगलं होतं, पण रेघा अजून गोंधळलेल्या, चार महिने तरी आणखी हवे होते. त्याखाली मास्तरांचा आवाज. एक मिनिट बेचाळीस सेकंद. मी त्यातली पहिली अकरा ऐकली होती. फोनवर तशी खूणच असते. उरलेली मी त्या पुलावर ऐकली. "...डाव्याचं मात्र जरा... मला वाटतं की घाई करू नये. आणखी एक म्हणजे, मोतद्दार म्हणत होता की हात लावला की ती पाय... ओढून घेते. तेव्हा तुम्ही एकदा स्वतः येऊन हात लावून..." ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "पुढे बघा." तो म्हणाला, "पुढे काय बघू, सगळं तुंबलंय."

माणूस किती हलकट असतो ते मला त्या तुंबलेल्या पुलावर कळलं. माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? की हे कुणालाच माहीत नाही. मास्तर बोलणार नाहीत, जीव गेला तरी नाही. मी तबेल्यात जाऊन टोपीवाल्याच्या अंगावर ओरडायचं, की तू हिला जास्त पळवलीस, मी सांगितलं त्याच्या दुप्पट काम घेतलंस, बघ पाय गरम झाला. तो गप्प बसला असता. सगळे ट्रेनर जास्तच काम घेतात आणि सगळ्यांना ते ठाऊक असतं. घोडी वाचली असती, माझं चित्र भिंतीवर राहिलं असतं, सर मरेपर्यंत टाळ्या वाजवत राहिले असते. सगळं कसं छान. हे सगळं मी व्यवस्थित, वाक्यानिशी ठरवलं. टोपीवाल्याला काय बोलायचं तेही पाठ केलं. आणि मग मला इतकी चीड आली, टोपीवाल्याची नव्हे, मास्तरांच्या त्या थांबत थांबत बोलण्याची, की माझ्या हातून फोन खाली पडला. का नाही ओरडले हो माझ्यावर? का नाही दार आपटलं? पण ज्यांनी ज्यांनी आवाज चढवला त्यांना त्यांना मी कामावरून काढलं होतं. जे उरले ते हळू बोलणारे होते.

मैदानावर पोचायला अडीच वाजले. मैदानाचा डॉक्टर माझ्या मागच्या वर्गातला, सदा कपाळावर घाम. त्याच्या परवानगीशिवाय आज कुणाच्याही घोड्याला हात लावता येत नाही, म्हणून त्याला ओढतच तबेल्यात नेलं. ठमी मान बाहेर काढून उभी होती. अंग चकाकत होतं, शेपटी विंचरलेली. मोतद्दार, साठीच्या घरातला, खाली उकिडवा बसून तिच्या पायाची पट्टी नीट करत होता. मला पाहून तो उठला आणि भिंतीला टेकला. "सोड ती पट्टी," मी म्हटलं. त्याने एका शब्दाने विचारलं नाही का. भराभर सोडली. डोळ्यांना पाय चांगला दिसत होता, हे वाईट असतं. दुखणं महिन्याभरात जातं, सूज जाते, घोडा नाचायला लागतो, आणि आत अजून काही धड जुळलेलं नसतं. मी गुडघे टेकले. खांद्यातून कळ गेली, ती जाऊ दिली. पाय उचलून मांडीवर घेतला आणि डोळे मिटून अंगठा वरून खाली आणला. चार बोटं. पाच बोटं. तिथे. दोरी चालता चालता मध्येच कणकेसारखी मऊ, आणि ऊब. फार नाही. तापलेल्या माणसाच्या कपाळाइतकी. ठमीने पाय हिसकून घेतला. "पळणार नाही," मी म्हटलं.

मैदानाच्या डॉक्टरने खिशातून कागद काढला. "नशीब तुम्ही आलात," तो म्हणाला. "'पाय गरम' एवढं लिहा आणि सही करा. पुरे." "पुरे काय पुरे," मी म्हटलं. "अहो बाई, कारणाच्या रकान्यात दोन शब्दच मावतात. बाकी कशाला खोलात?" मी कागद त्याच्या हातातून हिसकावून घेतला, अर्ध्या दारावर ठेवला आणि लिहिलं. रकान्यात मावेना, समासात लिहिलं, समासात मावेना, मागे लिहिलं. की स्कॅनची दोन चित्रं आली होती. की मी चांगल्या पायाचं पाहिलं आणि लागलेल्याचं पाहिलं नाही. की घोडीला हात न लावता दाखला दिला. की गेल्या महिन्यात सभेत दाखवलेलं चित्र चांगल्या पायाचं आहे, आणि ते मागे घ्यावं. अक्षर घाणेरडं आलं. मैदानाचा डॉक्टर वाचत होता आणि कपाळ पुसत होता. "हे वर जाईल हां," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग पाठव वर. खाली ठेवायला लिहिलंय का?"

तेवढ्यात टोपीवाला आला. कुणीतरी सांगितलं असणार, तो जवळजवळ धावतच आला. मी कागद त्याच्या हातात दिला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. मला त्याच्या शिव्या हव्या होत्या. अगदी मनापासून हव्या होत्या. त्याचं वर्ष गेलं होतं, मालक त्याला फाडून खाणार होता, त्याने तोंड सोडलं असतं तर मी एक शब्द बोलणार नव्हते. त्याने कागद वाचला. उलटून मागचं वाचलं. मग टोपी काढली. टक्कल होतं, आणि मला उगाचच त्याची दया आली, आणि त्या दयेचाही राग आला. "मंगळवारी वळणावर पाऊल चोरत होती ती," तो म्हणाला. "मी पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि मी म्हटलं, छे, मला भास झाला. बाईंची सही आहे." त्याने मोतद्दाराकडे बोट केलं. "हाही म्हणाला. मी याला झापलं. म्हटलं, तू बाईंपेक्षा शहाणा का?"  एकतीस वर्षं मी याच्यासाठीच मरत होते, की या मैदानावर एखाद्या पुरुषाने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा. ठेवला होता. ठेवून घोडी वळणावर सोडली होती. तो कागदाची घडी करत म्हणाला, "आता पुढे काय करायचं? तुम्ही सांगाल तसं करू."

"मला विचारू नका!" मी ओरडले. ठमी दचकून मागे सरकली. "कागद वाचलात ना? वाचता येतं ना? मग मला काय विचारता, याला विचारा!" माझा हात मोतद्दाराकडे होता. "रोज सकाळी हिच्या पायाला हात कोण लावतं? मी? तुम्ही? हा लावतो. सांग रे बाबा. मंगळवारपासून गरम आहे का पाय?" मोतद्दाराने आधी टोपीवाल्याकडे पाहिलं, मग मैदानाच्या डॉक्टरकडे. कुणीच मान हलवली नाही. तो खाली बसला, ठमीचा पाय परत जवळ घेतला, आणि मी दाबली होती त्याच जागी, न शोधता, त्याचा अंगठा जाऊन बसला. यावेळी ठमीने पाय ओढला नाही.

"मंगळवारपासून नाही, बाई," तो म्हणाला. "तुमचा कागद आला, हिला पळवायला काढली, त्याच आठवड्यापासून."